तुमची आठ चाकं फिरली

लीड्स,
आषाढी एकादशी

तीर्थरूप अण्णा आणि आई यांना साष्टांग नमस्कार. दादा-वहिनींना नमस्कार. ओंकारला अनेक आशीर्वाद.

चाकांचं पार्सल पोचल्याचं फोनवर सांगितलंच होतं, पण पुढचं सगळं फोनवर सांगण्यासारखं नाही. अण्णा मध्येच आकृती मागतात आणि आई म्हणते, आधी जेवलीस का ते सांग. जेवले आहे. साबुदाण्याची खिचडी केली होती. आता निवांत बसून लिहिते.

अण्णा, गेल्या रविवारी माझं मॉडेल इंजिन चाललं. स्वतःच्या वाफेवर, पाठीमागे चार डबे घेऊन.

चाकांपासून सुरुवात करते, कारण इथल्या लोकांनीही तिथूनच केली. तुम्ही प्रत्येक चाक ग्रीस लावून वेगळ्या चिंधीत बांधलं होतं, त्यामुळे बिडाला कुठेही गंज धरला नव्हता. मायक्रोमीटर लावला तर आठांचं माप एक. शेवटचा काप सगळ्या चाकांना हत्यार न हलवता एकाच सेटिंगवर घेतला, असं तुम्ही चिठ्ठीत लिहिलं होतं. ती ओळ मी इथल्या मॉडेल इंजिनांच्या क्लबातल्या एका जुन्या टर्नरला इंग्रजीत सांगितली. तो काहीच बोलला नाही. चाक बोटांत धरून फिरवलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि शेजारच्याला दाखवायला घेऊन गेला. आठही चाकं दांड्यांनी एकमेकांना जोडलेली असतात. त्यातलं एक जरी केसभर लहान निघालं, तरी प्रत्येक फेऱ्यात ते रुळावर घसरणार आणि दांडी ओढ खाणार. मधल्या दोन जोड्यांना फ्लँज, म्हणजे रुळाला धरून ठेवणारी कड, नको असं मी का सांगितलं होतं, ते आता वळणावर दिसतं. लांब इंजिन अरुंद वळणात शिरताना ती चाकं थोडी आडवी सरकतात आणि गाडी अडत नाही.

बसवताना डाव्या बाजूचे क्रँक, म्हणजे चाकाला दांडी जोडणारे हात, उजव्या बाजूच्या क्रँकांशी काटकोनात ठेवले. एका बाजूचा पिस्टन टोकाला जाऊन निष्प्रभ होतो, त्या क्षणी दुसऱ्या बाजूचा पूर्ण जोरात असतो. म्हणून इंजिन कुठेही थांबलं तरी हाताचा धक्का न देता सुटतं. चारही आसांवर हा काटकोन तंतोतंत जुळवायला साचा करावा लागला. तो साचा मी टाकून देणार नाही. तिकडे आणते, तुम्हाला बघायला आवडेल.

हे इंजिन आपल्या बार्शी लाइट रेल्वेचं आहे. दुसरं कुठलं करायचं मनात आलंच नाही. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं ही लाइन उभी केली. 1897 मध्ये ती कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि 1911 मध्ये लातूरला आली. गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर, अडीच फूट. तिची पहिली इंजिनं किटसन कंपनीनं बांधली, आणि किटसनचा कारखाना इथे, लीड्सच्या हन्स्लेट भागात होता. तो 1938 मध्ये बंद झाला. माझी बस रोज त्या भागातून जाते. शहराच्या पश्चिमेला न्यूले म्हणून जागा आहे, तिथे 1896 मध्ये कॅल्थ्रॉपनं बार्शीसाठी केलेली गाडी रुळांवर चालवून इतर इंजिनिअरांना दाखवली होती. म्हणजे आपल्या गाडीनं पहिली शिट्टी इथे दिली. मी नोकरीसाठी या गावात आले तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. कळलं त्या रात्री झोप लागली नाही.

कॅल्थ्रॉपचा हिशोब तुम्हाला पटेल, अण्णा. इंजिन असो, डबा असो की मालाची वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येता कामा नये. भार सगळ्या आसांवर सारखा वाटला की हलके रूळ पुरतात, पूल स्वस्तात होतात आणि तरीही माल भरपूर नेता येतो. म्हणून पहिल्या इंजिनाला पुढे आठ जोडलेली चाकं आणि मागे चार छोटी. दुसऱ्याच्या पैशाचा इतका विचार करणारा इंजिनिअर मला फार मोठा वाटतो. कोरडवाहू मुलखात रेल्वे न्यायची तर अशीच न्यायला हवी होती.

माझं मॉडेल चोवीसाव्या हिश्श्याचं आहे आणि रुळांमधलं अंतर 32 मिलिमीटर. 32 ला 24 नं गुणलं की 768 येतात, आणि खरं गेज 762 मिलिमीटर होतं. बाजारात तयार मिळणारे रूळ आणि बार्शी लाइट यांचं माप इतकं जवळ यावं हा योगच.

आता बॉयलर. तो तांब्याचा आहे. पत्रा लाल होईस्तोवर तापवायचा आणि पाण्यात बुडवायचा, म्हणजे तो मऊ पडतो. मग साच्यावर धरून हातोडीनं कड वळवायची. ठोकता ठोकता तांबं ताठ होतं, की पुन्हा भट्टी. लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत, भांडी ठोकणाऱ्यांच्या दुकानापुढे मी लहानपणी उभी राहायचे आणि आई हात धरून ओढून न्यायची. आई, ते उभं राहणं कामी आलं. आवाज ऐकूनच कळतं की तांबं आता ठोकून घेणार नाही. जोड सगळे चांदीच्या झाळीचे. ही झाळ साडेसहाशे अंशांच्या आसपास वितळते आणि सांधा नीट तापलेला असेल तर पाण्यासारखी आत ओढली जाते. काळवंडलेलं तांबं लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवलं की पुन्हा गुलाबी होतं. आई देवाचे तांबे आंबट चिंचेनं घासते, तसंच.

क्लबाची रीत अशी की बॉयलरची परीक्षा झाल्याशिवाय आग लावायची नाही. पहिली परीक्षा पाण्याच्या दाबावर, कामाच्या दाबाच्या दुप्पट. माझा सेफ्टी व्हॉल्व्ह चौरस इंचाला 40 पौंड दाबावर उडतो, म्हणून परीक्षा 80 वर. पाणी दाबलं तरी आकसत नाही, त्यामुळे सांधा सुटलाच तर नुसता थेंब गळतो. हवा किंवा वाफ असती तर तुकडे उडाले असते. पंपाचा दांडा दाबत असताना मी काट्याकडे बघत होते आणि दोन परीक्षक बॉयलरकडे. एकही थेंब आला नाही. त्यांनी कागदावर सह्या केल्या. त्या कागदाची झेरॉक्स सोबत पाठवते आहे, तुमच्या वर्कशॉपात लावा.

छोट्या इंजिनाची एक अडचण खऱ्या इंजिनाला नसते. माप चोवीसावा हिस्सा केलं की पृष्ठभाग 576 पटींनी कमी होतो, पण आतलं पाणी 13,824 पटींनी. पाण्याच्या मानानं थंड होणारं अंग फारच मोठं उरतं, त्यामुळे उष्णता भराभर निसटते. म्हणून बॉयलरला वरून आवरण घालून त्यावर पितळी पट्टे लावलेत. सिलिंडर थंड असताना पहिली वाफ आत जाऊन पाणी होते आणि धुराड्यातून गरम तुषार उडतात. चार-पाच फेरे झाले की ती कोरडी होते आणि मग जो आवाज येतो ना अण्णा, तो लिहून सांगता येणार नाही.

आग स्पिरिटच्या वातींची आहे. सुरुवातीला धुराड्यावर बॅटरीचा छोटा पंखा ठेवून हवा ओढून घ्यावी लागते. थोडा दाब चढला की पंखा काढायचा. त्यानंतर सिलिंडरमधून सुटलेली वाफ धुराड्यातून वर जाताना आगीला स्वतःच ओढ देते. ओझं वाढलं की फवारा जोरात, फवारा जोरात की आग तेज, आग तेज की वाफ जास्त. चढ लागला की इंजिन आपल्यालाच बळ पुरवतं! कुठे तार नाही, चिप नाही. मला यातली ही गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते.

तेलाची सोयही ऐका. एका बंद कुपीत जाड तेल भरलेलं असतं आणि वाफेच्या नळीला तिचं बारीक छिद्र जोडलेलं. आत आलेली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं. पाणी जड, ते तळाला बसतं. तेवढंच तेल वर उचललं जातं आणि छिद्रातून वाफेबरोबर सिलिंडरला जातं. हलणारा एकही भाग नाही. तुम्ही लिस्टर डिझेल इंजिनांच्या तेलपंपांशी जन्मभर झगडलात, तुम्हाला याचं मोल कळेल.

क्लबाच्या मैदानात रविवारी दोन रूळ चालू असतात. एक मोठा, त्यावर माणसं बसतात आणि पोरांची रांग लागते. दुसरा कमरेच्या उंचीवरचा, आमच्यासारख्या लहान गाड्यांचा. तिथे एक पद्धत आहे आणि ती मला मनापासून आवडते. नव्या इंजिनाच्या पहिल्या काही फेऱ्या बांधणाऱ्यानं चालवायच्या आणि मग रेग्युलेटर, म्हणजे वाफ कमीजास्त करायचा दांडा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा. मी तो एका शाळकरी मुलीला दिला. तिनं हळूच उघडला, गाडी सुटली, आणि ती गाडीबरोबर चालत राहिली, एक डोळा प्रेशरच्या काट्यावर. मी चालवत होते तेव्हा माझं सगळं लक्ष पाणी किती, दाब किती यातच होतं. गाडी डोळे भरून पहिल्यांदा पाहिली ती त्या पोरीच्या हातात दिल्यावर.

मैत्रिणीच्या सासूबाई सध्या इथे आल्या आहेत. माहेर बार्शी लाइटवरच्या पांगरीचं. मी मुद्दाम त्यांना बोलावलं होतं. काठी टेकत रुळाजवळ आल्या, इंजिनाकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘ही आमची बार्शी लाइट.’ आषाढीला आजीबरोबर मालाच्या वाघिणीत बसून पंढरपूरला गेल्या होत्या. डब्यांत जागा नसायची, म्हणून वारकऱ्यांना वाघिणीतही बसवायचे. मी त्यांना शिट्टीची दोरी दाखवली. त्यांनी वाजवली, आणि मग प्रत्येक फेरीला त्यांच्यासमोर गाडी आली की वाजवायच्याच. इंग्रज म्हातारे टोप्या काढून त्यांना सलाम करत होते. लेकरं आजीभोवती गोळा झाली. भाषा एकालाही कळत नव्हती, तरी येडशीचा घाट सगळ्यांना हातवारे करून समजावला त्यांनी.

आई, तू शिवलेली गोणपाटाची पोती वाघिणींत रचली होती. त्यातलं एक फोडून लोकांना शेंगा दाखवल्या. लातूरचा माल म्हणजे शेंगा आणि तूरडाळ, हे आता लीड्समधल्या निदान वीसेक माणसांना माहीत झालं आहे.

एक गोष्ट सारखी मनात येते. बॉयलरमध्ये क्षार बसू नयेत म्हणून मी शुद्ध पाणी घालते, एका वेळी पेलाभरही नाही. ते मोजून ओततानासुद्धा मला 2016 आठवतं. तो उन्हाळा, टँकरच्या रांगा, आणि 12 एप्रिलला मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची गाडी. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पंढरपूर, कुर्डुवाडी करत आली होती, म्हणजे बार्शी लाइटच्याच वाटेनं. रूळ रुंद झाले होते आणि लाइन धाराशिवला वळण घेऊन येत होती, पण मुळात ही वाट कोरडवाहू मुलखासाठी आखली होती, आणि शंभर वर्षांनी तिच्यावरून पाणी आलं. म्हणून पुढची वाघीण मी पाण्याच्या टाकीची करणार आहे. जुन्या बार्शी लाइटच्या मापात बसेल अशीच.

आता कामाचं. महालक्ष्म्यांना मी येते आहे, रजा मंजूर झाली. इंजिन हातातल्या सामानात आणायचं आहे. बॉयलर पूर्ण कोरडा करून आणि कागदपत्रं जोडून आणेन. स्पिरिट विमानात चालत नाही, ते तिथेच घ्यावं लागेल. दादा, दोन लिटर सांगून ठेव. आई, आराशीत गाडी ठेवायची तुझी इच्छा आहे, पण उघडी आग आणि बायकांचे पदर यांचा मेळ नको. आरास आत, गाडी अंगणात. हळदी-कुंकवाला येणाऱ्या सगळ्याजणी बाहेर पडताना बघतील, आणि ज्यांना हवं त्यांच्या हातात मी रेग्युलेटर देईन. भाद्रपदात हवेत ओल असते, सकाळी लवकर चालवली तर वाफ पांढरी दिसेल. उन्हात ती दिसतही नाही.

अण्णा, अंगणात रुळासाठी गोल आखायचा आहे. मध्यापासून कडेपर्यंत किमान पाच फूट. जमीन नळीलेव्हल लावून बघा. एवढ्या हलक्या इंजिनाला थोडा चढही जाणवतो. फरशीचे तुकडे खाली घालून वर लाकडी पट्ट्या ठोकल्या तर पुरे. आणि कोपऱ्यावरचे निवृत्त गार्डकाका आहेत, त्यांना विचारा, त्यांच्या वेळी डब्यांना रंग कोणता होता आणि आतली बाकं लांबीत होती की आडवी. ते सांगतील तसे डबे मी रंगवीन. ओंकारला त्यांच्याकडे सोबत न्या, त्याला वही घेऊन लिहू द्या. फायरमन तोच होणार आहे, तेव्हा काटा वाचायला आत्तापासून शिकवा. सायकलच्या पंपावरचा चालेल.

गुडघ्यांचं औषध वेळेवर घ्या. आईनं एकादशी सोडताना पित्त सांभाळावं.

तुमची,
शुभा