वॅट घटले की मोजमाप बदलले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छत्रपती संभाजीनगरहून पहाटे निघून दौलताबादमार्गे खुलताबादचा घाट चढणाऱ्या हौशी सायकलस्वारांपैकी मी एक आहे. आमच्यापैकी अनेकांच्या सायकलींना आता पॉवर मीटर, म्हणजे पाय पेडलवर लावत असलेली ताकद वॅटमध्ये मोजणारी उपकरणे, आहेत. सायकल बदलल्यावर त्यांवरील आकडे माणसाला उगाच कसे घाबरवतात, हे मी स्वतः अनुभवल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

जाड टायरच्या जुन्या सायकलवर नाडीचे ठोके मिनिटाला १४५ असताना मीटर १८० वॅट दाखवत असे. नव्या रोड सायकलवर तेवढ्याच ठोक्यांना तो १६६ दाखवू लागला. वेग मात्र वाढला होता. तो का वाढला हे उघड होते, कारण वाकून बसल्याने हवेचा अडथळा कमी होतो आणि गुळगुळीत टायर कमी ताकदीत पळतात. वॅटचे कोडे मात्र सुटेना. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला अशा वेळी पहिली शंका हृदयाचीच येते. डॉक्टरांनी तपासून दोष नसल्याचे सांगितले, तेव्हा कुठे मी यंत्राकडे वळलो. (छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर मात्र आकड्यांचा खल न करता आधी डॉक्टरच गाठावेत.)

जुना मीटर फक्त डाव्या क्रँकवर, म्हणजे पेडल ज्याला जोडलेले असते त्या दांड्यावर, होता. असा मीटर डाव्या पायाचा जोर मोजून त्याची सरळ दुप्पट करतो. नव्या सायकलच्या दोन्ही पेडलमध्ये मीटर आहेत आणि त्यांनी माझा डावा पाय ५३ टक्के, तर उजवा ४७ टक्के काम करतो असे दाखवले. म्हणजे प्रत्यक्षात १७० वॅट असताना डाव्या पायाचे ९० होतात आणि जुना मीटर १८० सांगतो. खात्रीसाठी मी नवी पेडल जुन्या सायकलला लावली, दोन्ही मीटर झिरो केले (म्हणजे जोर नसताना शून्य दाखवतील असे केले) आणि दोन वेगळ्या यंत्रांवर नोंद घेत तोच घाट चढलो. क्रँक १८० म्हणत होता तेव्हा पेडल १७० च्या आसपास होती. उरलेले चार वॅट वाकून बसण्याची सवय नसल्यामुळे गेले असतील. पण चांगल्या मीटरमध्येही एक-दोन टक्के फरक धरावाच लागतो, म्हणून त्यावर मी डोके शिणवत नाही.

ठोक्यांची तुलना करतानाही मराठवाड्याचा उन्हाळा विसरून चालणार नाही. उन्हात शरीर थंड राखण्यासाठी त्वचेकडे जास्त रक्त जाते, घामाने अंगातले पाणी घटते आणि वॅट तेवढेच असूनही तासाभरात ठोके चढत जातात. त्यामुळे जानेवारीतल्या पहाटेचे जुन्या सायकलवरचे आकडे एप्रिलमधल्या नव्या सायकलच्या आकड्यांशेजारी मांडणे व्यर्थ आहे. दोन्ही सायकली एकाच आठवड्यात, एकाच वेळी आणि त्याच चढावर, शक्यतो ठोके मोजणारा छातीचा पट्टा बांधूनच चालवून पाहाव्यात.

माझ्या विक्रेत्याने यातले काहीच सांगितले नव्हते. मीटर एका पायाचा आहे की दोन्ही पायांचा, एवढे तरी विक्रेत्यांनी पावतीवर लिहून द्यावे, ही विनंती आपल्या पत्रामार्फत करीत आहे.

आपला,
एक सायकलस्वार वाचक,
छत्रपती संभाजीनगर