पैसे भरून निवडलेल्या सीट्स न विचारता बदलल्या, त्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: मुंबई ते न्यू जर्सी प्रवासात पैसे भरून घेतलेल्या सीट्स परस्पर बदलणे, पैसे परत न देणे आणि सीटबद्दल अर्धवट माहिती देणे

नमस्कार,

तुमच्या ॲपवर तक्रारीसाठी जो चौकोन दिलाय त्यात चार ओळींच्या पुढे काही लिहिताच येत नाही आणि चॅटवर दर वेळी नवीन माणूस येऊन पहिल्यापासून विचारतो, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहितेय. पीएनआर, सीटचे पैसे भरल्याच्या पावत्या आणि तुमचे ईमेल सोबत जोडलेत. कृपया पूर्ण वाचून मगच उत्तर द्या, कारण आतापर्यंत जी उत्तरं आली ती न वाचताच पाठवल्यासारखी आहेत.

माझ्या आईने सत्तरी ओलांडलीय, उजवा गुडघा बदललेला आहे. ताई न्यू जर्सीत एडिसनला असते, तिच्याकडे आम्ही दोघी निघालो होतो. सहार विमानतळावरून रात्रीची फ्लाइट, मध्ये विमान बदलायचं आणि पुढचा टप्पा चौदा तासांच्या आसपास. पहिला टप्पा छोटा, त्यात कुठेही बसलो असतो तरी चाललं असतं. पण दुसऱ्या टप्प्याच्या सीट्स मी तिकीट काढतानाच पैसे भरून घेतल्या आणि त्या उगाच नकाशावर बोट ठेवून घेतल्या नव्हत्या, हे तुम्हाला कळावं म्हणून जरा खोलात जातेय.

बुकिंगच्या वेळी विमान दाखवलं होतं बोइंग ७७७-३००ईआर, इकॉनॉमीत ३-४-३, म्हणजे रांगेत कडेला तीन-तीन, मध्ये चार सीट्स. या विमानाची बॉडी शेपटीकडे निमुळती होत जाते त्यामुळे शेवटच्या काही रांगांमध्ये कडेला तीनच्या जागी दोनच सीट्स असतात. दोघांनी लांबचा प्रवास करायचा असेल तर इकॉनॉमीत याच्यासारखी जागा नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आई खिडकीला, मी आयलला म्हणजे चालायच्या वाटेकडे, मध्ये तिसरं कोणी नाही. आईला टॉयलेटला जायचं असेल तर फक्त मलाच उठवायचं, कोणा परक्याला झोपेतून हलवायचा संकोच नाही. शिवाय सीट आणि भिंत यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा राहते तिथे तिची गोळ्यांची पिशवी हाताशी ठेवता येते. मागच्या भागात टर्ब्युलन्स जास्त जाणवतो, पंखांच्या आसपास कमी, ते मला माहीत होतं आणि आईला मळमळीचा त्रास नाही म्हणून चालणार होतं. अगदी शेवटची रांग मुद्दाम सोडली, कारण मागे भिंत आली की सीट पूर्ण झुकत नाही आणि टॉयलेटची रांग डोक्यावर उभी राहते. तिच्या दोन रांगा पुढच्या घेतल्या.

बाकीच्या सीट्सचाही विचार केला होता. पुढे भिंत असलेल्या पहिल्या रांगेत पाय पसरायला जागा मिळते हे खरं पण तिथे ट्रे आर्मरेस्टमधून निघतो म्हणून आर्मरेस्ट वर होत नाही आणि सीट किंचित अरुंद पडते, टेकऑफ आणि लँडिंगला पायाशी पिशवी ठेवता येत नाही, आणि तान्ह्या बाळांचे पाळणेही तिथेच लागतात, ती जागा त्यांनाच मिळायला हवी. एक्झिटच्या रांगेत आईला नियमानेच बसता येत नाही, वेळ पडली तर दार उघडायला मदत करू शकेल असाच माणूस तिथे लागतो आणि ते बरोबरच आहे. म्हणजे आमच्यासाठी ती दोनची जोडीच सगळ्यात योग्य होती, आणि मी पैसे भरले ते त्या जोडीसाठी. तुमच्या पावतीवर सीट नंबर छापलेत. नुसतं 'इकॉनॉमीत कुठेतरी एक जागा' असं त्यावर लिहिलेलं नाही.

निघायच्या आदल्या रात्री, बॅगा बंद करून झाल्यावर, ईमेल आला की ऑपरेशनल कारणांमुळे तुमच्या सीटमध्ये बदल झाला आहे. एवढंच. विमान बदललंय हे त्यात नव्हतंच, ते मी ॲपमध्ये शोधून काढलं. ७७७ च्या जागी ड्रीमलाइनर (बोइंग ७८७) आलं होतं, इकॉनॉमी ३-३-३, म्हणजे दोनची जोडी त्या मांडणीत कुठेच नाही. विमान बदलू शकतं, बिघाड होऊ शकतो, सुरक्षेसाठी बदललं असेल तर त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण बदलल्यावर तुमच्या सिस्टीमने काय केलं ते बघा: आईला मधल्या तिघांतली मधली सीट दिली आणि मला तिच्यापासून बऱ्याच रांगा मागे टाकलं. एकाच पीएनआरवर, एकाच आडनावाच्या दोन बायका, त्यातल्या एकीच्या नावापुढे व्हीलचेअरची विनंती नोंदवलेली. ही नोंद तुमच्याच सिस्टीममध्ये होती आणि तरी सीट देताना ती कोणी बघितली नाही, माझी खरी तक्रार ही आहे.

त्याच रात्री हेल्पलाइनला फोन केला तर एअरपोर्टवर काउंटरला सांगा म्हणाले, काउंटरवर म्हणाले कनेक्शनच्या ठिकाणी गेटवर बघतील, गेटवर म्हणाले फ्लाइट फुल आहे, आत क्रूला विचारा. नुसती टोलवाटोलवी. क्रूमधल्या मुलीने मात्र मनापासून प्रयत्न केला, तिच्याबद्दल तक्रार नाही, पण विमान भरल्यावर ती तरी कोणाला उठवणार होती? शेवटी आईच्या रांगेतल्याच एका विद्यार्थ्याने स्वतःहून त्याची आयल सीट आईला दिली आणि तो मध्ये बसला. त्यानेही ती आयल पैसे भरूनच घेतली होती, आम्ही देऊ केले तर घेतले नाहीत. तुमच्याकडून राहिलेलं काम एका प्रवाशाने स्वतःच्या सोयीवर पाणी सोडून केलं आणि तुम्ही मात्र त्याचेही पैसे ठेवलेत आणि आमचेही.

आणि त्या आयल सीटचीही एक गोष्ट सांगते. पुढच्या सीटखाली स्क्रीनच्या यंत्रणेचा एक धातूचा डबा होता, साधारण आईचा पाय जिथे सरळ व्हायला हवा नेमका तिथेच. गुडघा फार वेळ दुमडून ठेवला की तिचा सांधा आखडतो. म्हणून ती पाय आयलमध्ये काढायची आणि ट्रॉली आली की आत घ्यायची, आत घेताना प्रत्येक वेळी दोन्ही हातांनी मांडी उचलून. मी मागून उभी राहून हे बघत होते आणि तिच्याजवळ बसून मदतसुद्धा करता येत नव्हती. हा डबा कुठल्या सीटखाली आहे हे तुमच्या इंजिनिअरना माहीत असतं, ॲपवरच्या नकाशात मात्र सगळे चौकोन सारखेच.

लांब प्रवासात पाय हलवणं ही काही चैन नाही. चार तासांपेक्षा जास्त वेळ बसून प्रवास केला तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो हे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सांगितलंय, विमान असो, ट्रेन असो की बस. आईच्या डॉक्टरांनी दर तासा-दोन तासाने उठून चालायला बजावलं होतं. मधल्या सीटवर अडकलेली वयस्क बाई दोन्ही बाजूंच्या झोपलेल्या लोकांना दर तासाला उठवत नाही, ती तशीच बसून राहते. म्हणून वयस्क माणसाची सीट बदलताना नुसती सीट आहे का नाही एवढं बघून भागत नाही.

परतीच्या प्रवासाचं थोडक्यात सांगते. आईला या वेळी खिडकी हवी होती, पुन्हा पैसे भरून विंडो घेतली आणि बघतो तर बाजूला सपाट भिंत, खिडकी अर्धी रांग पुढे. असं का होतं ते मला कळतं. खिडक्या विमानाच्या सांगाड्याप्रमाणे ठरलेल्या असतात आणि सीट्स जमिनीवरच्या रुळांवर कंपनी आपल्याला हव्या त्या अंतरावर बसवते, त्यामुळे दोन्ही जुळतीलच असं नाही, शिवाय काही ठिकाणी भिंतीतून एसीचे डक्ट जातात. पण मग त्या सीटला 'विंडो' म्हणून विंडोचेच पैसे का घेतले? तिथे 'खिडकी नाही' असं लिहिलं असतं तर ज्याला टेकून झोपायला भिंत हवी तो ती आनंदाने घेईल आणि आम्ही दुसरी घेतली असती.

आता पैशांचं. मी रिफंड मागितला तर तुमचं उत्तर आलं की सीट सिलेक्शनचे पैसे परत मिळत नाहीत आणि तुम्हाला 'त्याच प्रकारची' सीट दिलेली आहे. दोन जणांची कडेची जोडी आणि तिघांतली मधली सीट एकाच प्रकारची कशी? हे मला कोणीतरी नीट समजावून सांगा. पुन्हा विचारलं तर तोच ईमेल, फक्त तारीख वेगळी. सरळ वाटाण्याच्या अक्षता लावल्यात तुम्ही.

तिकिटाचा क्लासच खाली आणला तर काय द्यायचं ते डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, १५ फेब्रुवारी २०२३ पासून ठरवून दिलंय, आंतरराष्ट्रीय फ्लाइटला अंतराप्रमाणे तिकिटाच्या ३०, ५० किंवा ७५ टक्के. २०२४ मध्ये असंही सांगितलं की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई किंवा वडिलांपैकी एकाजवळ तरी सीट द्या. हे दोन्ही चांगले नियम आहेत. आमचा क्लास बदलला नाही आणि आई लहान मूल नाही, म्हणून आम्ही दोन्हीत बसत नाही हे मला माहीत आहे आणि मी त्या नियमांखाली काही मागतही नाहीये. पण सीट निवडणं ही तिकिटापेक्षा वेगळी, आपल्या मर्जीने घ्यायची सेवा आहे म्हणूनच तुम्ही तिचे वेगळे पैसे लावता ना? मग ती सेवा मिळाली नाही तर पैसे परत, यासाठी वेगळा नियम कशाला हवा?

आपल्या रेल्वेत बुकिंग करताना 'किमान एक लोअर बर्थ मिळाला तरच तिकीट काढा' असा पर्याय असतो, ज्येष्ठांसाठी लोअर बर्थचा कोटा असतो. इतक्या गर्दीची रेल्वे वयाचा विचार करू शकते तर तिकिटामागे कित्येक पट पैसे घेणाऱ्या तुमच्यासारख्या कंपनीला ते जड जाऊ नये.

आमचं म्हणणं असं. जाताना आणि येताना भरलेले सीटचे सगळे पैसे परत करा, व्हाउचर किंवा पॉइंट्स नकोत, ज्या कार्डवरून गेले त्याच कार्डवर हवेत. शक्य झालं तर आईच्या रांगेतल्या त्या मुलाचेही परत करा, क्रूच्या नोंदीवरून तुम्हाला तो सापडेल. पुढच्यासाठी म्हणाल तर विमान बदललं की ईमेलमध्ये तसं स्पष्ट लिहा, नवीन विमानाचं नाव द्या, आणि ज्यांनी पैसे भरलेत त्यांना बाकीच्यांच्या आधी नव्या नकाशातून निवडू द्या. व्हीलचेअर मागितलेल्या माणसाला सिस्टीमने सोबतच्या माणसापासून तोडता कामा नये, तेवढं एक काम तरी माणसाच्या हाती ठेवा. आणि नकाशावर कुठली सीट झुकत नाही, कुठे खिडकी नाही, कुठे पायाशी डबा आहे, कुठल्या रांगेचा आर्मरेस्ट उचलत नाही हे लिहा. ही माहिती आज लोक बाहेर शोधत फिरतात, एकमेकांना विचारतात, ती विकणाऱ्यानेच द्यायला हवी.

आणखी एक, ड्रीमलाइनरच्या इकॉनॉमीत एका रांगेत आठ सीट्सही बसवता येतात, जपान एअरलाइन्स आपल्या आंतरराष्ट्रीय फ्लाइट्सवर २-४-२ अशी मांडणी ठेवते. तुम्ही नऊ बसवता तो तुमचा धंद्याचा निर्णय, त्यात मी पडत नाही. फक्त त्या नऊमधली मधली सीट कोणाच्या वाट्याला येते याकडे तरी बघा.

या पत्राला १५ दिवसांत लेखी उत्तर हवंय, माणसाने लिहिलेलं. नाही आलं तर एअरसेवा या सरकारी विमान-तक्रार पोर्टलवर तक्रार टाकणार, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर नोंदवणार आणि तरीही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. रक्कम फार मोठी नाही, मला माहीत आहे, तरी जाणार. ताईच्या मुलीचं ग्रॅज्युएशन पुढच्या वर्षी आहे आणि आईला पुन्हा जायचंय, त्या तिकिटांचं बघायच्या आधी मला तुमचं उत्तर हवं आहे.

आपली प्रवासी,
मुलुंड पूर्व, मुंबई

सोबत: सीटच्या चारही पावत्या, बदलाचा ईमेल, तुमची उत्तरं, दोन्ही बोर्डिंग पासचे फोटो, परतीच्या 'विंडो' सीटचा फोटो