नुसत्या समजेने काय होणार?

पावसाळ्यात जायकवाडीचे दरवाजे उघडले, की गोदाकाठच्या गावांत पुराचे जुनेच व्हिडिओ ‘ताजी बातमी’ म्हणून मोबाइलवर फिरतात. घाबरून माणसं रातोरात जनावरं हलवतात. तक्रार करायची कुणाकडे? १९७८ च्या कायद्याने प्रेस कौन्सिल ही वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणारी संस्था वृत्तपत्राला समज देऊ शकते, ताशेरे ओढू शकते; दंड करू शकत नाही. वाहिन्या तर तिच्या कक्षेतच नाहीत. म्हणून सगळं सरकारच्या हाती द्या, असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही. सरकारी कामकाजाबद्दलची ऑनलाइन माहिती खरी की खोटी हे ठरवणाऱ्या, केंद्राच्याच सत्यशोधन कक्षाची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केली, हे योग्यच झालं. पीकविम्याची बातमी खरी की खोटी, हे सरकारनेच ठरवायचं? त्यापेक्षा कौन्सिललाच दंडाचा अधिकार द्या. आणि चूक पहिल्या पानावर झाली असेल, तर दुरुस्तीही पहिल्याच पानावर छापायला लावा.

– एक वाचक, गंगाखेड (जि. परभणी)