ती गाय आली कुठून?

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

माघात आमच्या दोन गायी पाठोपाठ गाभडल्या, दोन्ही आठव्या महिन्यात. पहिलीची वार, म्हणजे गर्भाचं वेष्टण, धाकट्या भावाने उघड्या हातांनी उचलून उकिरड्यावर टाकली. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात. आता भावाला संध्याकाळी ताप भरतो, सांधे धरतात. त्याचीही तपासणी चालू आहे.

अहवाल आला, वार खोल पुरा, चुना टाका, दूध उकळून प्या, एवढं सांगून झालं. सगळं केलं. रोग आला कुठून, हे मात्र कुणी विचारलं नाही.

बाहेरून आलेली गाय एकच. दिवाळीआधी बाजारातून गाभण आणलेली, अंगाने भरलेली, पुढे सुरळीत व्यालेली. पदरमोड करून तिचं रक्त तपासलं तर तीच बाधित! हा रोग असाच फसवतो. एकदा गाभडलेली गाय पुढे नीट विते, पण वारेतून, दुधातून जंतू टाकत राहते.

माल्टा बेटावर सैनिकांना ताप आणणारा या रोगाचा जंतू डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांना १८८७ साली सापडला. तो शेळ्यांकडून येतो हे तिथल्याच डॉ. झॅमिट यांनी दाखवलं ते थेट १९०५ साली. एवढा उशीर झाला, कारण शेळ्या धडधाकट दिसत. पुढच्या वर्षी सैनिकांचं शेळीचं दूध बंद झालं आणि ताप ओसरला. त्यांच्या शेळ्यांना बिल्ले नव्हते. आमच्या गायीच्या कानात १२ आकडी बिल्ला आहे. पण नोंदीत ती अजून पहिल्याच मालकाच्या नावावर. मधले दोन व्यापारी कुठेच नाहीत. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री नाही, असा नियम आपल्याच विभागाचा. बिल्ला आहे हो, माग नाही.

गाय बाधित निघाली की तिच्या आधीच्या गोठ्यांपर्यंत कुणीतरी गेलंच पाहिजे. संकलन केंद्रावर गोठ्याच्या एकत्र दुधाची रिंग टेस्ट, म्हणजे या रोगाची दुधावरची चाचणी, स्वस्तात होते, तिथून सुरुवात करा. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना लस आहेच, पण ती या गायीच्या कामाची नाही. आणि बाधित गाय विकू नका म्हणता, तर तिचं करायचं काय तेही सांगा. भरपाई नसेल तर माणूस गप्प बसतो आणि गाय पुढच्या बाजारी जाते. गेल्या आठवड्यात एक व्यापारी येऊन भाव सांगून गेला. तपासणीचं त्याने विचारलंही नाही. गाय सध्या वेगळी बांधली आहे.

बिल्ल्याचा क्रमांक तालुक्याच्या दवाखान्यात लेखी दिला आहे. त्या पहिल्या मालकाकडे कालवडी असतील, घरात लहान मुलं असतील. निदान तिथे कुणाला तरी पाठवा.

आपला,
फलटण तालुक्यातील एक दूध उत्पादक