सान क्लेमेंतेच्या तळातले पाणी गूढ नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत रोमच्या सान क्लेमेंते चर्चवरचा लेख वाचला. मराठी पुरवणीत या चर्चला पानभर जागा मिळाली याचा आनंद झाला, तो आधी नोंदवतो. पण 'मंदिर पाडून चर्च, त्यावर पुन्हा चर्च' हे वाक्य आणि 'तळघरातला पाण्याचा गूढ आवाज' हा ठळक मथळा छापण्याआधी कुणी तपासले होते का?

मिथ्र या रोमन काळात पुजल्या जाणाऱ्या देवाचे ते मंदिर पाडले असते, तर आज आत काय दिसले असते? कमानीचे छत, दोन्ही बाजूंची दगडी बाके आणि बैलाला मारणारा मिथ्र कोरलेली वेदी, हे सगळे तिथे आहे. चौथ्या शतकात शेजारच्या मोठ्या इमारतीत भराव घालून तिच्या भिंतींवर पहिले चर्च उभे राहिले आणि पुढे मिथ्राची खोलीही बुजली. 1084 मध्ये नॉर्मन सैन्याने रोम लुटले, तेव्हा हा भाग जळाला. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला त्या पहिल्या चर्चमध्येही ख्रिश्चनांनीच राडारोडा भरला आणि त्यावर आजचे चर्च बांधले. म्हणजे त्यांनी स्वतःचे चर्चही असेच बुजवले. लेखकाने ही ओळ गाळली आणि वाचकाच्या मनात भलतेच चित्र उभे केले.

त्याहून जास्त लागले ते जोसेफ मुलूली यांचे नाव कुठेच नाही याचे. डॉमिनिकन या ख्रिस्ती संघातले हे आयरिश धर्मगुरू तिथले प्रमुख होते. वरचे चर्च हेच मूळचे, अशी तोवर सर्वांची समजूत होती. मुलूलींनी 1857 मध्ये खोदायला सुरुवात केली आणि खाली खांब, भिंतीवरची चित्रे, अख्खे चर्च निघाले. आणखी खाली गेल्यावर पहिल्या शतकातल्या इमारती आणि मिथ्राचे मंदिर सापडले. लेखात खालच्या चर्चमधल्या सिसिनियस या रोमन सरदाराच्या भित्तिचित्रात लिहिलेल्या शिवीवर अख्खा परिच्छेद आहे. ज्यांनी ते चित्र मातीतून बाहेर काढले, त्यांच्यासाठी एक ओळही नसावी?

आता पाणी. माझी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली, म्हणून हे मनाला जास्त लागते. मुलूलींच्या खोदाईत सर्वांत खालच्या थराला पाणी लागले, आणि मिथ्राचे मंदिर सापडूनही कित्येक वर्षे पाण्यात राहिले. मुलूली 1880 मध्ये वारले, तोवर काही उपाय झाला नव्हता. शेवटी त्यांच्याच संघातले फादर लुई नोलन यांनी 1912 ते 1914 या काळात सुमारे 700 मीटर लांबीचा बोगदा खणून घेतला आणि हे पाणी कलोसियमच्या बाजूने प्राचीन रोमच्या क्लोआका मॅक्सिमा या गटाराला जोडले. आज तिथे जो खळखळाट ऐकू येतो, तो त्या पाण्याचा. वाट मिळाली म्हणून ते वाहते, आणि ते वाहते म्हणून पर्यटक कोरड्या पायांनी उभे राहतात. बांधकामाचा पाया खणताना पाणी लागले की काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या कामाची किंमत कळेल. पंप लावून उपसत बसण्यापेक्षा उतार देऊन निचरा करणे केव्हाही पक्के. शंभर वर्षे टिकलेल्या या कामाला तुम्ही 'गूढ' म्हणून मोकळे झालात!

मी हे ऐकीव सांगत नाही. आमच्या युरोप सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत 'सान क्लेमेंते व भूमिगत अवशेष' असे स्वच्छ छापले होते. तिथे गेल्यावर टूर मॅनेजर म्हणाले, "काका, खालचं तिकीट पॅकेजमध्ये धरलेलं नाही, वरचं बघून घ्या, मग शॉपिंगला जायचंय." मी आणि सौ.नी आमच्या पैशाने तिकिटे काढली. गुडघे दुखत असूनही ती सगळे जिने उतरली. मिथ्राच्या खोलीच्या जाळीला डोळा लावून उभे होतो. भिंत ओलसर, हवा गार, आणि बाजूने पाण्याचा आवाज. तो कुठून येतो ते पाहायला पुढच्या खोलीत निघालो, तेवढ्यात मॅनेजर वरून येऊन "सगळी बस तुमच्यासाठी खोळंबली आहे" म्हणून ओरडले. बसमध्ये सर्वांदेखत ऐकून घ्यावे लागले ते वेगळेच. शॉपिंगला मात्र दोन तास दिले. नंतर कंपनीला रीतसर पत्र पाठवले, त्याचे उत्तर आजतागायत नाही. लेख वाचून तुमचे वाचक तिकडे जातील, म्हणून सांगतो: खालच्या भागाचे तिकीट पॅकेजमध्ये आहे की नाही आणि खाली किती वेळ देणार, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या.

मुलूली आणि नोलन यांची नावे पुढच्या रविवारी दुरुस्ती म्हणून छापावीत, ही विनंती. आणि पुरवणीत करड्या रंगाच्या पट्टीवर पांढरी बारीक अक्षरे छापणे कृपया बंद करा. चर्चच्या थरांची माहिती असलेली चौकट मला भिंग घेऊनही लागली नाही, शेवटी नातवाकडून वाचून घ्यावी लागली. वर्गणी पूर्ण भरतो, तर अंक वाचता तरी यावा.

आपला,
एक निवृत्त अभियंता, सांगली