विमानतळाजवळच्या एका रात्रीचाही विचार व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंधुदुर्गातील पर्यटनाची चर्चा निघाली की किनाऱ्यावरची रिसॉर्ट, स्कूबा डायव्हिंग आणि मालवणी थाळी यांच्यापलीकडे ती सहसा जात नाही. १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेल्या या जिल्ह्याला ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीचा विमानतळ मिळाला आणि ५ जानेवारी २०२३ पासून सीमेपलीकडे, गोव्याच्या पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. चिपीच्या रडतखडत चालणाऱ्या सेवेबद्दल आजवर पुष्कळ लिहून आले आहे, त्यात मला भर घालायची नाही. विमानाने जाणाऱ्या-येणाऱ्याला विमानतळाच्या आसपास एक रात्र सुखाने काढता यावी, ही साधी गरज मात्र कोणाच्या बोलण्यात येत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

पहाटे साडेपाचचे विमान असेल तर साडेतीनच्या सुमारास विमानतळावर पोहोचावे लागते. परदेशी जायचे असेल तर तीन तास आधी. देवगड, मालवण किंवा कणकवलीहून निघणारे कुटुंब त्यामुळे मध्यरात्रीच गाडी काढते, आणि मुसळधार पावसात, अपुऱ्या झोपेच्या चालकाच्या भरवशावर, घरातील वयस्कर माणसांना पेंगुळलेल्या अवस्थेत घेऊन जाते. आदल्या संध्याकाळी सावंतवाडी किंवा बांदा गाठून मुक्काम करणे हा सरळ उपाय आहे. तो फारसा कोणी करत नाही याचे कारण, माझ्या मते, आपल्याकडील बहुतेक लॉजचे घड्याळ सहलीला आलेल्या माणसाच्या हिशेबाने लावलेले असते. खोली दुपारी बारानंतर मिळणार, सकाळी दहाला सोडायची, न्याहारी आठच्या पुढे. रात्री नऊला येऊन पहाटे तीनला निघणाऱ्याने पूर्ण दिवसाचे भाडे भरायचे आणि चहादेखील न घेता बाहेर पडायचे, असा हा व्यवहार आहे. त्यातही महामार्गाकडे तोंड करून बांधलेल्या खोलीत ट्रकच्या हॉर्नमुळे डोळा लागेलच याची खात्री नाही.

हे बदलता येते, याचा अनुभव गेल्या पावसाळ्यात आला. आईला बहिणीकडे हैदराबादला पाठवायचे होते आणि बांद्याच्या बाजूला एका घरगुती निवासात आम्ही खोली घेतली. फोनवर मालकीणबाईंचा पहिला प्रश्न होता, “विमान कितीचं?” त्यांनी तळमजल्यावरची, मागच्या अंगणाकडची खोली दिली. न्हाणीघरात धरायला लोखंडी दांडा होता, फरशी खरबरीत होती आणि खिडकीला डासांची जाळी होती. खोलीच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला, त्यावर गाडीचा क्रमांक, चालकाचा मोबाईल आणि निघण्याची वेळ बॉलपेनने लिहिलेली. पहाटे गरम पाणी तयार होते. चहा थर्मासमध्ये भरला होता आणि घावणे-चटणी केळीच्या पानात बांधून हातात दिली. खोलीत ना एसी होता ना टीव्ही, पण आई शांत झोपली आणि वेळेवर पोहोचली. विमानतळाजवळच्या आरामदायी हॉटेलाकडून प्रवाशाला याहून फार काही हवे असते, असे मला वाटत नाही.

राज्याची ‘न्याहारी व निवास’ योजना आहेच. तिच्यात बांदा, इन्सुली, सातार्डा या पट्ट्यातील आणि चिपीजवळच्या परुळे परिसरातील घरांसाठी वेगळा वर्ग करावा. त्या वर्गात रात्री-अपरात्री दार उघडण्याची हमी, बारा तासांचे भाडे आणि विमानतळापर्यंत गाडीची सोय या अटी असाव्यात. शेवटची अट विशेष महत्त्वाची आहे, कारण मोपाहून गोव्याच्या कदंब परिवहन महामंडळाच्या बस पणजी, म्हापसा, मडगावकडे जातात, आपल्या बाजूच्या प्रवाशाला मात्र बहुधा खासगी गाडीवरच अवलंबून राहावे लागते. महिलांनी असे निवास चालवावेत यासाठी राज्याच्या ‘आई’ या महिलांसाठीच्या पर्यटन धोरणात १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावर व्याज परताव्याची तरतूद आहे. त्याची माहिती गावातील बचत गटांपर्यंत पोहोचली तर वरच्यासारख्या मालकीणबाई आणखी पुढे येतील. शिवाय साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे; नोंदणीकृत हॉटेलांच्या बिलात ती घट दिसायला हवी.

चिपीबाबत मात्र सावध असावे. तेथील उड्डाणांची संख्या पाहता केवळ विमानप्रवाशांवर कोणाचा धंदा चालणार नाही. भोगवे, निवती येथे येणाऱ्या पर्यटकांसाठी असलेल्या निवासांनीच पहाटेच्या पाहुण्याची सोय जोडून घ्यावी, हे अधिक व्यवहार्य आहे. मोपाच्या वाटेवर तशी अडचण नाही.

सुरुवात म्हणून जिल्हा प्रशासनाने अशा निवासांची एक यादी गणेशोत्सवापूर्वी प्रसिद्ध करावी आणि ती एसटी स्थानकांवर व कोकण रेल्वेच्या सावंतवाडी, कुडाळ स्थानकांत लावावी. यादीत प्रत्येक ठिकाणाचे विमानतळापासूनचे अंतर, अर्ध्या दिवसाचे भाडे आणि रात्री फोन उचलणाऱ्याचा क्रमांक असावा.

आपला,
एक वाचक, कुडाळ (जि. सिंधुदुर्ग)