माशाचं डोकं टाकण्याआधी विचारणाऱ्या तांडेलास

कॅप्टन, सप्रेम नमस्कार.

तुमचं किंवा तुमच्या बोटीचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. गाजावाजा तुम्हाला आवडणार नाही, एवढं त्या एका दिवसात कळलं. इंग्रजीतलं चार ओळींचं पत्र अलास्कातल्या सीवर्डला, तुमच्या बंदरात, वेगळं पाठवलं आहे. हे मराठीतलं लांबलचक पत्र जाहीर अशासाठी, की ऑगस्टात अलास्काला जाऊन सॅमन धरायचा बेत आखणाऱ्या आपल्या मासेखाऊ मंडळींनाही चांगला तांडेल कसा ओळखायचा ते कळावं.

आभार कशाचे, ते आधी सांगतो. धक्क्यावर परतल्यावर मासे कापायच्या टेबलाशी तुम्ही पहिल्या सिल्व्हरच्या, म्हणजे कोहो जातीच्या सॅमनच्या, मानेवर सुरी टेकवलीत, थांबलात आणि विचारलंत, "डोकी हवीत का? आणि अंडी?"

एवढंच. पण आमच्यातल्या वडीलधाऱ्या मंडळींचे चेहरे तेव्हा जे खुलले, ते दिवसभरात हिमनदी बघूनही खुलले नव्हते.

याआधी एका दुसऱ्या बंदरात ज्या बोटीवर गेलो होतो, तिथे आम्ही टेबलापाशी पोचेपर्यंत डोकी आणि गाबोळी कचऱ्याच्या पिंपात गेली होती. हातात आली ती काळी पिशवी, आत मऊ पडलेल्या फाका. विचारलं तर उत्तर मिळालं, "ते कोणी खात नाही." जो मासा आम्ही धरला, पैसे मोजून धरला, त्यातलं काय खायचं हे परस्पर ठरवणारा हा कोण? असो.

तुम्ही नुसतं विचारून थांबला नाहीत. दोन्ही बाजूंचे कल्ले मुळापासून कापून काढलेत, कारण रक्त तिथे साचतं आणि डोकं आधी तिथूनच कुबटतं. मग डोकं उभं चिरलंत. कल्ल्यामागची, परांसकटची पट्टी फाकेबरोबर न कापता डोक्यालाच ठेवलीत. सगळ्यात चरबीदार घास तोच. आणि पिशवीत भरण्याआधी प्रत्येक डोकं जाड कागदात गुंडाळलंत. हे फार थोड्यांना सुचतं. डोक्याची टोकदार हाडं व्हॅक्यूमच्या पिशवीला भोक पाडतात, हवा आत शिरते आणि सॅमनसारखा तेलकट मासा फ्रीझरमध्येही खवट होतो.

गाबोळीचंही तसंच. सुरीचं फक्त टोक घालून पोट चिरलंत, दोन्ही लांबट पिशव्या न फोडता बाहेर काढल्यात आणि मिठाच्या पाण्यातून हलकेच खळबळून घेतल्यात. साध्या पाण्यात ती अंडी पांढुरकी पडतात नि साल कडक होतं. काही जण ती गाबोळी पुढच्या वेळी आमिषाला म्हणून स्वतःकडे ठेवतात. तुम्ही ती आमच्या हातात दिलीत.

खरं तर मासा चांगला निघाला त्याचं श्रेय टेबलाच्या कितीतरी आधीचं. मासा बोटीत आला की डोक्यावर एक नेमका ठोसा, लगेच कल्ल्याची कमान कापून समुद्राच्या पाण्याच्या बादलीत पाच-दहा मिनिटं उलटा, आणि रक्त वाहून गेलं की बर्फ अधिक समुद्राचं पाणी अशा लगद्यात. कोरड्या बर्फाच्या खड्यांवर मासा नुसता टेकतो, लगद्यात तो चारी बाजूंनी गार होतो. पोटातली कण्यालगतची काळपट रक्ताची रेघ चमच्याने खरवडायला तुमचा डेकवरचा मुलगा एकदाही विसरला नाही. फोटोसाठी कोणी मासा शेपटीला धरून उचलायला गेलं की तुम्ही ओरडत होतात, तेही बरोबर. चार-पाच किलोचं वजन शेपटीवर लोंबलं की मणके निखळतात, आतल्या आत रक्त सांडतं आणि फाकेत लाल डाग उतरतात. आधीच्या त्या बोटीवर मासे तासभर उन्हात फळीवर पडले होते. फाका मऊ का पडल्या, याचं उत्तर त्यातच आहे.

गळाबद्दल थोडं. आमिषाला लावायच्या हेरिंग या छोट्या माशाचं डोकं कल्ल्यामागून साधारण ४५ अंशांत तिरपं कापायचं. सरळ कापलं तर आमिष पाण्यात गिरकी घेत नाही, नुसतं ओढलं जातं. सिल्व्हर बऱ्याचदा आमिष तोंडात घेऊन वर येतो, त्यामुळे दोरीला ओढ न लागता ती ढिली पडते. नवख्याला वाटतं, मासा सुटला, आणि तो थांबतो. नेमकं तिथेच भराभर रीळ गुंडाळायचं असतं. बोटीलगत आल्यावर दोरी फार आखूड करायची नाही, कारण शेवटची उसळी तिथेच बसते आणि गळ निसटतो. जाळी डोक्याकडून घालायची. शेपटीकडून घातली तर मासा पुढे पळतो. हे सगळं तुम्ही न वैतागता पुन्हा पुन्हा सांगितलंत. आणि हो, बोटीवर केळी आणायची नाहीत हेही कळलं. आपल्या कोळीवाड्यांत कमी नेम-नियम नाहीत, त्यामुळे कोणी वाद घातला नाही.

फिरण्याचं म्हणाल तर सीवर्डच्या रेझरेक्शन बे या खाडीच्या आत पाणी निवांत असतं, पण तोंडाशी अलास्काच्या आखाताची लाट लागते. बोट लागणाऱ्यांनी गोळी आदल्या रात्री घ्यावी, मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही. जीन्स घालून जाऊ नये. एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही. बेअर ग्लेशियर या हिमनदीसमोर तुम्ही बोट थांबवलीत, पफिन हे समुद्रपक्षी दाखवलेत, आणि १९६४ च्या भूकंपात इथला किनारा समुद्रात कसा घसरला, मागून लाटा नि आग कशी आली, ते सांगितलंत. वेळ उरला तर गाडीने एक्झिट ग्लेशियरला जावं. वाटेवर साल लिहिलेल्या पाट्या आहेत, त्या त्या साली बर्फ कुठवर होता ते दाखवणाऱ्या. पाटी मागे पडते, चालत राहावं लागतं आणि बर्फ अजून पुढेच असतो.

समोरच्याच्या ताटात काय असतं, याची जाण ठेवणारी माणसं कमी झाली आहेत. हॉटेलात, विमानात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा सगळ्यांना एकाच मापाने मोजतात. तुमच्या हातात सुरी होती, मागे पुढची गिऱ्हाइकं उभी होती, पाऊस होता. तरी तुम्ही विचारलंत.

मग तुम्ही आणखी एक विचारलंत, की डोक्याचं तुम्ही करता काय? तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो. इंग्रजी पत्रातही हे जोडलं आहे.

दोन डोक्यांना आठ-दहा लसूण पाकळ्या ठेचून दोन चमचे तेलात परतायच्या. हळद, दीड चमचा लाल तिखट, मीठ, कोमट पाण्यात भिजवलेली पाच-सहा आमसुलं आणि तीन वाट्या पाणी घालून दहा मिनिटं उकळू द्यायचं. नारळ घालू नका. सॅमनची स्वतःची चरबीच पुष्कळ आहे, वाटण घातलं तर कालवण जड होतं. बांगड्या-तारलीला लागतं ते त्रिफळ मात्र हवं, चार-पाच, बिया काढून ठेचलेली. तुमच्याकडे मिळालं नाही तर चिनी दुकानातली सिचुआन मिरी घ्या, ती त्याच कुळातली. मग डोकी सोडायची आणि मंद आचेवर आठ मिनिटं ठेवायची. डाव घालून ढवळायचं नाही, भांडंच धरून हलवायचं, नाहीतर सगळं मांस सुटून रश्शात जातं.

गाबोळीला मीठ, हळद, तिखट चोळून तांदळाच्या पिठात घोळवा आणि अगदी मंद आचेवर, झाकण ठेवून, दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटं भाजा. झाकण विसरू नका. अंडी फुटतात आणि तेल थेट तोंडावर उडतं.

आपले,
त्या दिवशी तुमच्या बोटीवर असलेली मराठी मंडळी